प्रेस्टनच्या ‘डिक, कर लेडीज’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या लँकशायरमध्ये प्रेस्टन नावाचं गिरण्या-कारखान्यांचं गाव आहे. तिथल्या एका कारखान्यातल्या कामगार मुलींनी 1917 मध्ये फुटबॉलचा संघ काढला आणि तो 1965 पर्यंत चालला. स्वतःचं स्टेडियम नाही, लीग नाही, व्यवस्थापक म्हणजे कारखान्याच्या ऑफिसातला एक माणूस, एवढाच पसारा. तरी या संघाचा खेळ बघायला एकदा त्रेपन्न हजार माणसं आली होती. मी ही गोष्ट ज्यांना सांगते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

‘डिक, कर’ हे कसलं नाव?

दोन भागीदारांची आडनावं आहेत. डब्ल्यू. बी. डिक आणि जॉन कर या दोघांची कंपनी मूळची स्कॉटलंडची. ती ट्राम आणि रेल्वेचं साहित्य बनवायची. प्रेस्टनच्या स्ट्रँड रोडवर तिचा मोठा कारखाना होता. मुंबईत मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया यांचे फुटबॉल संघ होते, तसाच हा कंपनीच्या नावाचा संघ. मधला स्वल्पविराम वगळला की ‘डिक कर’ हे एकाच माणसाचं नाव वाटतं, म्हणून तो पाळावा.

इंग्लंडमधला हा बायकांचा पहिलाच संघ का?

नाही. 1881 मध्ये एडिंबरोत ‘स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड’ म्हणून बायकांचा सामना झाला होता. 1895 मध्ये लंडनला ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’ निघाला, आणि क्राउच एंडला झालेल्या त्यांच्या पहिल्या सामन्याला दहा हजारांवर माणसं आली. पण ती माणसं बरीचशी नवल बघायला आली होती आणि वर्तमानपत्रांनी खेळापेक्षा कपड्यांवरच जास्त लिहिलं. डिक, कर लेडीजचं वेगळेपण असं की लोक एकदा नवल म्हणून आले आणि मग खेळ आवडला म्हणून येतच राहिले.

कारखान्यात काम करणाऱ्या मुली फुटबॉलकडे वळल्या कशा?

युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत त्यांच्या जागी बायका आल्या. डिक, करमध्ये ट्रामचं काम बाजूला पडून तोफगोळ्यांचं काम सुरू झालं. काम जड, तास लांब, वर स्फोटाची भीती. अशा कारखान्यांत कामगार मुलींची तब्येत आणि मन ताळ्यावर राहावं म्हणून मालकच खेळांना उत्तेजन देत होते. पुरुषांची फुटबॉल लीग 1915 मध्ये स्थगित झाली होती, त्यामुळे मैदानं मोकळी होती आणि प्रेक्षक खेळाला आसुसलेले.

प्रेस्टनपुरतीच ही गोष्ट नव्हती. इंग्लंडच्या ईशान्येकडे दारूगोळा कामगार मुलींची स्वतंत्र चषक स्पर्धा होत होती. 1918 मध्ये ती ब्लाइथ स्पार्टन्स लेडीजनी जिंकली, अंतिम सामन्यात 5-0 अशी.

डिक, करच्या मुली जेवणाच्या सुट्टीत अंगणात कारखान्यातल्या काम शिकणाऱ्या उमेदवार पोरांबरोबर खेळायच्या. कपड्यांच्या खोलीची छोटी चौकोनी खिडकी हे त्यांचं ‘गोल’. ऑक्टोबर 1917 मध्ये पोरांच्या संघाची कामगिरी घसरली, तेव्हा मुलींनी त्यांना चिडवलं की याहून बरं आम्ही खेळू. पोरांनी आव्हान दिलं. ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार स्त्रीनं ते उचललं. तिचा नवरा युद्धकैदी होता. सामना झाला. ऑफिसच्या खिडकीतून खेळ बघणारे आल्फ्रेड फ्रँकलंड यांच्या मनात तिथेच संघाची कल्पना आली, असं सांगितलं जातं.

पहिला जाहीर सामना कधी झाला?

1917 च्या नाताळच्या दिवशी. प्रेस्टनच्या मूर पार्क इस्पितळात जखमी सैनिक होते, त्यांच्यासाठी पैसे उभे करायचे होते. फ्रँकलंडनी थेट डीपडेलच मागितलं. डीपडेल म्हणजे प्रेस्टन नॉर्थ एंडचं मैदान. 1888-89 ची पहिली फुटबॉल लीग एकही सामना न हरता जिंकणाऱ्या संघाच्या मैदानावर नवख्या कामगार मुली उतरणार होत्या. विरुद्ध संघ अ‍ॅरंडेल कूल्टहार्ड या दुसऱ्या कारखान्यातल्या मुलींचा. दहा हजार माणसं आली, डिक, कर 4-0 ने जिंकल्या आणि इस्पितळाला दोनशे पौंड मिळाले.

मला या सामन्याची तारीख फार महत्त्वाची वाटते. लोक नाताळच्या दिवशी, युद्धाच्या चौथ्या हिवाळ्यात, घरातून उठून मैदानावर आले. कुणाचा मुलगा आघाडीवर, कुणाचा इस्पितळात. त्या मुली मैदानावर आपल्यासाठी धावताहेत ही भावना त्या दिवसापासून गावात रुजली.

त्यांना खेळायचे पैसे मिळत होते का?

पगार नव्हता. सामन्यासाठी कामाचा खाडा व्हायचा, प्रवास असायचा, त्याची भरपाई म्हणून प्रत्येकीला दहा शिलिंग मिळत, म्हणजे अर्धा पौंड. बाकीची जमा धर्मादाय कामाला. हे दहा शिलिंग लक्षात ठेवा. पुढे त्यांच्यावरच बोट ठेवलं गेलं.

खेळताना काय घालायच्या?

काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी, निळी अर्धी चड्डी आणि केस आवरायला तशीच पट्टेदार टोपी. चेंडू त्या काळातला, वादीनं शिवलेल्या कातड्याचा. पावसात पाणी पिऊन तो दगडासारखा जड व्हायचा.

लिली पारबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण तसा खेळ कुणी पाहिला नव्हता. लिलीचा जन्म 26 एप्रिल 1905 चा, सेंट हेलेन्स या काचकामाच्या गावातला. घर गरिबीचं, भावंडं बरीच. ती भावांबरोबर फुटबॉल आणि रग्बी खेळत वाढली. आधी ती सेंट हेलेन्स लेडीजकडून खेळायची. डिक, करविरुद्धच्या सामन्यात फ्रँकलंडनी तिला आणि अ‍ॅलिस वुड्सला हेरलं. लिलीला प्रेस्टनला कारखान्यात नोकरी मिळाली आणि राहायची सोय संघातल्याच एका मुलीच्या घरी झाली. मोबदल्यात तिनं वुडबाइन सिगारेटची पाकिटंही मागून घेतली, असं प्रेस्टनमध्ये आजही सांगतात. तेव्हा ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती.

ती डाव्या विंगवर खेळायची. उंच, खांदे रुंद, केस काळेभोर, बोलणं थोडं. पहिल्याच हंगामात तिनं 43 गोल केले. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याबद्दल अनेक किस्से आहेत. त्यातला सर्वांत प्रसिद्ध असा: एका पुरुष गोलरक्षकानं तिला डिवचलं की बायकांशी खेळणं ठीक, मला गोल मारून दाखव. तिनं फटका मारला आणि तो अडवताना त्याचा हात मोडला. हा किस्सा किती खरा आणि किती रंगवलेला हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण तो लोकांना पटला यातूनच तिचा दरारा कळतो. ती 1951 पर्यंत खेळली. एकूण गोल हजाराच्या घरात मोजले जातात.

तिच्या नावाखाली बाकीच्या झाकल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. फ्लोरी रेडफर्डनं एकट्या 1921 या वर्षात 170 गोल केले. जेनी हॅरिस बुटकी होती, पण चेंडू तिच्या पायाला चिकटल्यासारखा राहायचा. अ‍ॅलिस वुड्स धावण्याच्या शर्यती जिंकलेली. आणि कर्णधार अ‍ॅलिस केल. तिच्याबद्दल पुढे सांगते.

फ्रान्सशी संबंध कसा आला?

पॅरिसमध्ये अ‍ॅलिस मिलिया नावाची बाई बायकांच्या खेळांची संघटना चालवत होती. ती स्वतः नौका वल्हवणारी खेळाडू. ऑलिंपिकमध्ये बायकांना धावायला, उड्या मारायला मिळावं म्हणून याच मिलियाबाई पुढे कित्येक वर्षं भांडल्या. 1920 च्या वसंतात त्या फ्रेंच मुलींचा संघ घेऊन इंग्लंडला आल्या. 30 एप्रिलला डीपडेलवर पंचवीस हजारांसमोर डिक, कर 2-0 ने जिंकल्या. मालिकेतला शेवटचा सामना लंडनला स्टॅमफर्ड ब्रिजवर होता. त्यात जेनी हॅरिसला दुखापत झाल्यामुळे डिक, करना बराच वेळ दहा जणींनिशी खेळावं लागलं आणि फ्रेंच मुलींनी तो 2-1 ने जिंकला.

या मालिकेतलं एक छायाचित्र तेव्हा खूप गाजलं. त्यात सामन्याआधी दोन्ही संघांच्या कर्णधार एकमेकींचं चुंबन घेऊन अभिवादन करताना दिसतात. त्याच वर्षी शरदात प्रेस्टनच्या मुली फ्रान्सला गेल्या. आजवर समुद्रही न ओलांडलेल्या गिरणीगावच्या पोरी पॅरिसला बावीस हजारांसमोर खेळल्या. तो सामना 1-1 अशा बरोबरीत असताना प्रेक्षक मैदानात घुसले आणि खेळ थांबवावा लागला. पुढे रुबे, ल हाव्र आणि रुआँचे तिन्ही सामने डिक, करनी जिंकले. कारमेन पोमिएस नावाची फ्रेंच खेळाडू तर नंतर प्रेस्टनलाच येऊन त्यांच्यातली एक होऊन गेली.

दिव्यांच्या उजेडात सामना झाला होता, हे खरं का?

खरं. 16 डिसेंबर 1920 ला, डीपडेलवर. युद्धात विमानं शोधायला वापरायचे ते प्रखर झोतदिवे युद्धखात्याकडून मागून आणले. परवानगी दिली ती तेव्हाचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी. चेंडू अंधारात दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग द्यायचा आणि मळला की नवा घ्यायचा, असं चाललं. बारा हजार प्रेक्षक होते, डिक, कर 4-0 ने जिंकल्या आणि बेकार माजी सैनिकांच्या निधीला सहाशेहून अधिक पौंड मिळाले.

त्रेपन्न हजारांचा सामना म्हणतात तो कोणता?

नंतर दहाच दिवसांनी झाला तो. 26 डिसेंबर 1920, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, म्हणजे एव्हर्टन क्लबचं तेव्हाचं मैदान. विरुद्ध सेंट हेलेन्स लेडीज. आत 53,000 माणसं आणि जागा नाही म्हणून बाहेर राहिलेली दहा हजारांवर. गर्दीतून मैदानापर्यंत जायला खेळाडूंना पोलिसांची मदत लागली.

त्या दिवशी फ्लोरी रेडफर्डची गाडी चुकली. हुकमी गोल करणारी खेळाडूच नाही! जेनी हॅरिस तिच्या जागी आघाडीला आली, पहिल्या अर्ध्यात एक गोल झाला. मध्यंतरानंतर कर्णधार अ‍ॅलिस केल पुढे आली. ती बचावफळीतली, राइट बॅक. गोल अडवणं हे तिचं काम. पण एवढ्या गर्दीसमोर आपली जागा सोडून ती आघाडीला गेली आणि तिनं तीन गोल केले. सामना 4-0. गोळा झालेली रक्कम 3,115 पौंड.

बायकांच्या क्लब सामन्याला एवढी गर्दी पुन्हा जमायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. मार्च 2019 मध्ये माद्रिदला अ‍ॅटलेटिको आणि बार्सिलोना यांच्या सामन्याला 60,739 प्रेक्षक आले, तेव्हा गुडिसनचा आकडा मागे पडला.

मग बंदी का आली?

याचं उत्तर जरा लांब आहे.

1921 हे वर्ष बायकांच्या फुटबॉलचं भरतीचं. देशात दीडशेच्या आसपास संघ होते. डिक, करनी त्या वर्षी 67 सामने खेळले आणि ते बघणाऱ्यांची संख्या नऊ लाखांच्या आसपास होती. त्यांना इतकी आमंत्रणं येत की बरीच नाकारावी लागत. आणि या मुली नोकरी सांभाळून खेळत होत्या हे विसरू नका. शनिवारी लांबच्या गावी सामना, रात्रीच्या गाडीनं परत, सोमवारी सकाळी कामावर.

अशा वेळी 5 डिसेंबर 1921 ला फुटबॉल असोसिएशननं, म्हणजे एफएनं, ठराव केला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, फुटबॉल हा खेळ बायकांना अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये. दुसरी, सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादाय कामाला पुरेसा पोचत नाही. म्हणून संलग्न क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत.

बायकांनी खेळू नये असा हुकूम एफए काढू शकत नव्हती, कारण बायका तिच्या सभासदच नव्हत्या. तिच्या हातात मैदानं होती, ती तिनं काढून घेतली. बसायला जागा, फाटक, तिकीटखिडकी असलेलं देशातलं जवळजवळ प्रत्येक मैदान एफएच्या क्लबांचं. तिथं प्रवेश नाही म्हटल्यावर गर्दी बसवायची कुठं आणि तिकिटं लावायची कशी? पंच आणि लाइन्समन यांनाही बायकांच्या सामन्यात काम करायला मनाई झाली.

कारणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पैशांच्या हिशेबात काही संघांत गोंधळ असेलही. पण हिशेब तपासणं हा त्यावर उपाय होता, आणि त्या वर्षी आधीच एफएनं क्लबांना तशा अटी घातल्याही होत्या. खाडाभरपाईच्या दहा शिलिंगांवरून मैदानं बंद करायची गरज नव्हती. पुरुषांची लीग 1919 मध्ये पुन्हा सुरू झाली होती आणि तिसरा विभाग नुकताच निघाला होता. प्रेक्षक कुणाकडे जातात याची चिंता त्यांना होती. शिवाय 1921 च्या वसंतात खाणमालकांनी कामगारांना बाहेर काढलं, लाखो खाणकामगारांची चूल विझली, तेव्हा त्यांच्या बायका-पोरांसाठी बायकांच्या संघांनी गावोगाव सामने खेळून पैसे उभे केले. जखमी सैनिकांसाठी खेळणाऱ्या मुली सगळ्यांना प्रिय होत्या, टाळेबंदीतल्या कामगारांसाठी खेळणाऱ्या मुली सगळ्यांना तशा राहिल्या नाहीत. काही इतिहासकार बंदीमागचं हे कारण मोठं मानतात आणि मला ते पटतं.

आणि सर्वांत साधं कारण : युद्ध संपलं होतं, बायकांनी घरी परतावं अशी हवा होती.

खेळ बायकांच्या प्रकृतीला घातक आहे, असं डॉक्टर म्हणत होते ना?

काही म्हणत होते. हार्ली स्ट्रीट म्हणजे लंडनमधला बड्या डॉक्टरांचा रस्ता, तिथल्या डॉ. मेरी शार्लिब यांनी हा खेळ बायकांच्या शरीराला झेपणारा नाही असं मत दिलं आणि ते वर्तमानपत्रांत ठळक छापलं गेलं. बंदीनंतर फ्रँकलंडनी डॉक्टरांनाच सामना बघायला बोलावलं. बघून झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी मत दिलं की दिवसभर कपडे धुण्यानं बाईला जेवढी इजा होईल त्याहून जास्त या खेळानं होणार नाही. नदीवर किंवा मोरीत धुणं बडवलेल्या कुठल्याही बाईला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दारूगोळा बनवायला चाललेलं शरीर चेंडू मारायला मात्र नाजूक ठरलं, ही त्या मताची अडचण होती.

खेळाडूंनी विरोध केला नाही का?

केला. प्लिमथ लेडीजच्या कर्णधारानं सांगितलं की एफए काळाच्या शंभर वर्षं मागे आहे आणि हा निव्वळ बायकांबद्दलचा आकस आहे. बंदीनंतर पाचच दिवसांनी, 10 डिसेंबरला, बायकांच्या क्लबांनी स्वतःची संघटना काढली. 1922 मध्ये तिनं चषक स्पर्धाही भरवली, ती स्टोक लेडीजनी जिंकली. पण मैदानाविना संघटना फार काळ तगली नाही.

बंदीनंतर त्या कुठे खेळल्या?

मिळेल तिथं. रग्बीच्या मैदानांवर, धावण्याच्या ट्रॅकमधल्या हिरवळीवर, बागांत. कंपनीनं खेळासाठी घेतलेलं अ‍ॅश्टन पार्क सुरुवातीला हाताशी होतं. गावजत्रा, कार्निव्हल, एखाद्या इस्पितळाचा मदतनिधी, जिथून बोलावणं येई तिथं त्या जात.

अमेरिकेचा दौरा कसा झाला?

1922 च्या सप्टेंबरात त्या बोटीनं कॅनडाला पोचल्या. तिथल्या फुटबॉल संघटनेनं खेळायला नकार दिला. मग अमेरिकेत उतरल्या तर कळलं की त्यांचे सामने पुरुषांच्या संघांशी ठरवले आहेत. हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. परत फिरायचं का? त्या खेळल्या. पहिला सामना न्यू जर्सीतल्या पॅटर्सन संघाकडून 6-3 ने हरल्या. वॉशिंग्टनमध्ये 4-4 अशी बरोबरी केली. एकूण नऊ सामन्यांत तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत. हे सगळे सामने पुरुषांच्या क्लबांशी.

मला सगळ्या आकड्यांत हा सर्वांत जास्त आवडतो. त्रेपन्न हजार हा प्रेक्षकांचा आकडा आहे, तीन-तीन-तीन हा पूर्णपणे खेळाडूंचा.

कंपनीनं साथ दिली का?

काही वर्षं दिली. युद्धानंतर डिक, कर ही कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिक या नव्या कंपनीत गेली. नव्या व्यवस्थापनाला बायकांच्या संघात रस नव्हता. फ्रँकलंडांचं त्यांच्याशी बिनसलं आणि 1926 मध्ये त्यांनी नोकरी सोडून भाजीपाल्याचं दुकान टाकलं. संघाचं नाव बदलून ‘प्रेस्टन लेडीज’ झालं. अ‍ॅश्टन पार्क हातचं गेलं. ज्यांना कारखान्यात काम राहिलं नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना जवळच्या व्हिटिंगम मनोरुग्णालयात नोकरी मिळाली. लिली पार तिथं परिचारिका झाली आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिली.

गावातले लोक मात्र शेवटपर्यंत ‘डिक, करच्या पोरी’च म्हणत राहिले.

आल्फ्रेड फ्रँकलंड हा माणूस कसा होता?

वाटाघाटीत पक्का, जाहिरातीत हुशार, नेहमी टापटिपीत. चांगल्या खेळाडू दुसऱ्या संघांतून उचलायला मागेपुढे न बघणारा, त्यामुळे बाकीचे संघ त्याच्यावर नाराज असायचे. संघाची सूत्रं एका माणसाच्या हातात असणं धोक्याचंच. पण आधी कारखान्यातून, मग भाजीचं दुकान चालवत, चाळीस वर्षं हा संघ त्यानंच उभा ठेवला. 1957 मध्ये तो वारला. नंतर कॅथ लॅथम यांनी व्यवस्थापन हाती घेतलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा बायकांच्या या संघाची सूत्रं एका बाईकडे आली.

‘विश्वविजेत्या’ असा उल्लेख कुठं कुठं दिसतो, तो कशावरून?

1937 मध्ये ब्लॅकपूलला एडिंबरोच्या मुलींशी सामना झाला. त्याची जाहिरातच ‘ग्रेट ब्रिटन आणि जगाचं अजिंक्यपद’ अशी होती. प्रेस्टननं तो 5-1 ने जिंकला. अधिकृत असं त्यात काही नव्हतं, कारण बायकांसाठी अधिकृत असं काही कुणी ठेवलंच नव्हतं.

एकूण किती सामने जिंकले?

क्लबच्या नावावर 833 सामने धरले जातात : 759 विजय, 46 बरोबरी, 28 पराभव.

मग बंद का पडला?

खेळाडू मिळेनात. दुसऱ्या महायुद्धात खेळ जवळपास थांबला, नंतर पुन्हा उभा राहिला. जोन व्हॅली 1937 मध्ये पंधराव्या वर्षी संघात आली, तिच्या पिढीनं पुढची वर्षं निभावली. पण शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायचा नाही, मैदान द्यायचं नाही, वर्तमानपत्रात दोन ओळी छापायच्या नाहीत, असं चाळीस वर्षं चाललं तर नव्या मुली येणार कुठून? सामने ठरवावेत आणि अकरा जणी जमू नयेत, अशी वेळ येऊ लागली. 1965 मध्ये क्लब बंद झाला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या पुरुषांनी विश्वचषक जिंकला. त्यानंतर मुलींमध्येही फुटबॉलची लाट आली आणि 1969 मध्ये बायकांची नवी संघटना उभी राहिली. चार वर्षं अजून तगता आलं असतं तर, असं वाटून मन हळहळतं.

बंदी उठली कधी? माफी मागितली का?

1971 मध्ये उठली, पन्नास वर्षांनी. 2008 मध्ये एफएनं जाहीर माफी मागितली. तोवर गुडिसनवर खेळलेल्यांपैकी ऐकायला कुणी उरलं नव्हतं. बंदी फक्त इंग्लंडातच होती असं मात्र समजू नका. पश्चिम जर्मनीत 1955 ते 1970 अशी बंदी होती, आणि फुटबॉलवेड्या ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत.

लिली पारचं नंतर काय झालं?

खेळ थांबल्यावरही तिनं व्हिटिंगमची नोकरी चालू ठेवली आणि मेरी या आपल्या जोडीदारणीबरोबर प्रेस्टनजवळ घर करून राहिली. त्या काळात दोघी बायकांनी उघडपणे एकत्र संसार करणं सोपं नव्हतं. तिला कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, त्यातूनही ती वाचली. 24 मे 1978 ला ती गेली. म्हणजे बंदी उठल्याचं तिनं पाहिलं. 2002 मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात जागा मिळालेली ती पहिली स्त्री ठरली.

आपल्याकडच्या वाचकाचा या संघाशी काही धागा जुळतो का?

एक जुळतो, थोडा आडवळणाचा. डिक, कर ज्या इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये गेली, त्याच कंपनीची विजेवर चालणारी इंजिनं 1950 च्या दशकात मध्य रेल्वेवर आली. ‘डब्ल्यूसीएम-1’ हे त्यांचं नाव. डेक्कन क्वीन घेऊन ती बोरघाट चढायची. मुंबई-पुणे जा-ये करणाऱ्या कित्येकांनी ती इंजिनं पाहिली आहेत. तेव्हा प्रेस्टन लेडीज खेळतच होत्या.

प्रेस्टनला गेलं तर काय बघता येतं?

डीपडेल अजून तिथंच आहे आणि प्रेस्टन नॉर्थ एंड अजून तिथंच खेळतो. 2017 मध्ये पहिल्या सामन्याला शंभर वर्षं झाली तेव्हा मैदानावर या संघाचं स्मारक बसवलं. कारखान्याच्या जागी निळी पाटी आहे. मँचेस्टरचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय तिथून आगगाडीनं तासाभराच्या आत येतं. तिथं जून 2019 पासून लिली पारचा कांस्य पुतळा उभा आहे.